विरघळणाऱ्या धाग्याची रक्तवाहिनी

 

बायपासचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. फोनवर येतो, बचत गटाच्या बैठकीत येतो. "ऑपरेशन हृदयाचं, मग पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत टाके कशाला?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न. "शेतात घालायला हव्या त्या मापाची नळी मिळते, मग हृदयाला लागणारी एवढीशी नळी कारखान्यात बनत नाही का?"

दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत. दुसऱ्या प्रश्नानं तर जगभरातल्या डॉक्टरांची झोप पन्नास वर्षांहून जास्त काळ उडवली आहे. आज आपण त्याचंच उत्तर समजून घेऊ. यात सुई-दोरा आहे, शिलाई मशीन आहे, बाळंतपणातले टाके आहेत आणि घराच्या स्लॅबचं सेंटरिंगही आहे. म्हणजे विषय ऐकायला नवा वाटला तरी त्यातलं बरंचसं तुमच्या ओळखीचं आहे.

पायाची शीर हृदयाला

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या धमन्या हृदयाच्या अंगावरूनच जातात. त्यांची रुंदी साधारण तीन-चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. बायकांच्या तर पुरुषांपेक्षा थोड्या आणखी बारीक असतात. अशी धमनी चरबी साठून तुंबली की पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. मग डॉक्टर तुंबलेल्या जागेला वळसा घालून नवी वाट काढतात. त्यालाच बायपास म्हणायचं. रस्त्यावर पूल खचला की बाजूनं कच्चा रस्ता काढतात, तसंच.

या नव्या वाटेसाठी नळी लागते. ती बहुतेक वेळा पायातून काढलेली शीर असते. पायात रक्त वर नेणाऱ्या शिरा अनेक असतात, एक काढली तरी बाकीच्या काम सांभाळून घेतात. छातीच्या आतल्या बाजूची एक धमनीही वापरतात. ती जास्त वर्षं टिकते, पण एकाच माणसाला तीन-चार ठिकाणी वळसे घालायचे असले तर ती पुरत नाही.

पायाची शीर वापरून बायपास करण्याची पद्धत रेने फावालोरो या डॉक्टरांनी 1967 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे रुळवली. हे मूळचे अर्जेंटिना देशाचे. त्याआधी बारा वर्षं ते आपल्या देशात एका आडवळणाच्या खेड्यात गावडॉक्टर होते. तिथे त्यांनी दवाखाना उभा केला, सुईणींना शिकवलं, बाळंतपणातली काळजी घरोघर समजावली. म्हणजे आज मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जे ऑपरेशन होतं, त्यामागचा माणूस खेड्यातल्या कामात घडलेला आहे. आपल्यातल्या आशाताईंनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की प्रत्येकाकडे चांगली शीर असतेच असं नाही. कुणाच्या पायाच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या असतात. कुणाच्या साखरेच्या आजारानं खराब झालेल्या असतात. कुणाची शीर आधीच्या ऑपरेशनात वापरून झालेली असते. शिवाय शीर ही मुळात हळू वाहणाऱ्या, कमी दाबाच्या रक्तासाठी असते. तिला धमनीच्या जागी बसवलं की रोज दिवसाला सुमारे एक लाख ठोक्यांचा दाब तिला सोसावा लागतो. त्यामुळे काही वर्षांनी बऱ्याच जणांच्या या शिरा आतून जाड होतात आणि पुन्हा तुंबतात.

शिवणकामातून आलेली विद्या

रक्तवाहिनी शिवता येते हे आज साधं वाटतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ते कुणालाच नीट येत नव्हतं. 1894 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिओं शहरात चाकूहल्ला झाला. पोटातली एक मोठी शीर कापली गेली आणि ती जोडता न आल्यामुळे ते वारले. त्याच शहरात अलेक्सिस कॅरेल नावाचा तरुण वैद्यकाचं शिक्षण घेत होता. रक्तवाहिनी शिवता आली असती तर हा माणूस वाचला असता, हे त्याच्या मनानं घेतलं.

तो शिकायला गेला कुणाकडे? मोठ्या सर्जनकडे नाही, तर मादाम लेरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे. लिओं हे रेशमाचं शहर. तिथल्या भरतकामाच्या सुया अतिशय बारीक आणि हात अतिशय हलका. त्यांच्याकडून शिकलेल्या हातानं कॅरेल यांनी रक्तवाहिन्या जोडायची रीत बसवली. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाका घालून ताण द्यायचा, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडेवर शिवता येतं. तुमच्यापैकी ज्यांनी ब्लाउजची बाही जोडली आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल. या कामासाठी कॅरेल यांना 1912 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातली, 1950 नंतरच्या काळातली. मायकेल डिबेकी हे सर्जन कापडाची रक्तवाहिनी करता येईल का, हे पाहत होते. ते दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदारानं डेक्रॉन नावाचं नवं कापड दिलं. डिबेकींना शिवणकाम लहानपणी आईनं शिकवलेलं होतं. त्यांनी घरी येऊन बायकोच्या शिलाई मशीनवर त्या कापडाच्या नळ्या शिवल्या. पोटातून जाणाऱ्या मोठ्या धमनीसाठी त्या नळ्या उत्तम चालल्या. आजही मोठ्या धमन्यांसाठी डेक्रॉनच्या नळ्या वापरतात. हे डेक्रॉन म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपल्या रोजच्या साड्यांमधलं पॉलिस्टर.

मोठी नळी चालते, बारीक नळी तुंबते

म्हणजे कारखान्यातली नळी आहेच. फक्त ती जाड धमनीला चालते. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की ती लवकर तुंबते. का ते पाहू.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक अस्तर असतं. फक्त एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर जिवंत असतं आणि रक्ताला चिकटू देत नाही, गोठू देत नाही. कापडाच्या किंवा प्लास्टिकच्या नळीला हे अस्तर नसतं. रक्ताला ती परकी वाटते आणि तिच्या आतल्या बाजूवर रक्ताचा पातळ थर साचतो. नळी बोटाएवढी जाड असली तर अर्धा मिलिमीटर थरानं काही बिघडत नाही. पण नळीच तीन मिलिमीटरची असेल तर?

ठिबकचं उदाहरण घ्या. पाण्यात क्षार असले तर ते मुख्य पाइपातही साचतात आणि ड्रिपरमध्येही. पण आधी बंद पडतो तो ड्रिपर. पाइपाला फारसं काही होत नाही. रक्तवाहिन्यांचंही तसंच आहे.

दुसरं कारण जोडाचं. आपली धमनी रबरासारखी ताणते आणि परत येते. कापडाची नळी ताठ असते. मऊ नळी ताठ नळीला जोडली की प्रत्येक ठोक्याला जोडाजवळ ओढाताण होते. शरीर तिथे डागडुजी करत राहतं, जाडसर मांस वाढतं आणि वाट अरुंद होत जाते.

तिसरी अडचण लहान मुलांची. नळी वाढत नाही, मूल मात्र वाढतं. चार वर्षांच्या लेकराला बसवलेली नळी दहाव्या वर्षी अपुरी पडते. मग पुन्हा छाती उघडायची.

या तिन्ही अडचणींवर एकच उत्तर आहे. नळी जिवंत हवी. तिला स्वतःचं अस्तर हवं, ती ताणली पाहिजे आणि वाढली पाहिजे. आता जिवंत नळी आणायची कुठून?

विरघळणारे टाके आठवा

तुमच्यापैकी अनेकींना बाळंतपणात टाके पडले असतील. नर्सताईंनी सांगितलं असेल, "हे काढायला यायची गरज नाही, आपोआप विरघळतील." तो धागा म्हणजेच या सगळ्या गोष्टीची चावी आहे.

तो धागा पॉलिमरचा असतो. पॉलिमर म्हणजे सारख्याच छोट्या मण्यांची खूप लांब माळ. पॉलिस्टर, नायलॉन, प्लास्टिकची बादली, सगळ्या अशाच माळा. फरक असा की बादलीच्या माळेतल्या गाठी पाण्यानं सुटत नाहीत. विरघळणाऱ्या धाग्यातल्या गाठी मात्र शरीरातल्या पाण्यानं हळूहळू सुटतात. मीठ पाण्यात विरघळतं तसं हे नाही. माळ मधेमधे तुटत जाते, तुकडे लहान होत जातात आणि शेवटी सुटे मणी उरतात.

हे मणी साधी सौम्य आम्लं असतात. एका पॉलिमरचे मणी म्हणजे लॅक्टिक आम्ल. दह्याला आंबटपणा देणारं तेच हे. कष्टाचं काम केल्यावर आपल्या स्नायूंतही ते तयार होतं. शरीराला त्याची ओळख आहे. शरीर त्याचा निकाल लावतं आणि शेवटी ते श्वासातून आणि लघवीतून बाहेर जातं.

अशी तीन मुख्य पॉलिमर लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिलं पॉलिग्लायकॉलिक आम्ल. हे लवकर सुटतं, काही आठवड्यांतच त्याची ताकद संपते. दुसरं पॉलिलॅक्टिक आम्ल. हे त्यापेक्षा सावकाश जातं. तिसरं पॉलिकॅप्रोलॅक्टोन. हे मऊ आणि लवचीक असतं, पूर्ण जायला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त वेळ घेतं. ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली की नळी किती दिवसांनी विरघळावी हे ठरवता येतं. भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं हे जसं हाताला कळतं, तसं हे प्रमाण बसवायला संशोधकांना अनेक वर्षं लागली.

स्लॅबचं सेंटरिंग

घराचा स्लॅब टाकताना आधी खालून फळ्या आणि टेकू लावतात. त्यावर काँक्रीट ओततात. स्लॅब स्वतःचं वजन पेलू लागला की सेंटरिंग काढून घेतात. घरात राहायला गेल्यावर त्या फळ्या कुणाला दिसतही नाहीत.

विरघळणाऱ्या पॉलिमरची नळी हे रक्तवाहिनीचं सेंटरिंग आहे. ती बसवायची, तिच्या आधारानं पेशी येतात, राहतात, वाढतात. त्या आपल्याभोवती स्वतःचं जाळं विणतात. त्या जाळ्यानं नव्या भिंतीला बळ येतं. तोवर पॉलिमर हळूहळू निघून जातं. शेवटी उरते ती फक्त माणसाची स्वतःची रक्तवाहिनी.

ऐकायला सोपं आहे. पण इथं सेंटरिंग काढायला गवंडी नाही, ते आपोआप जाणार. मग वेळ चुकली तर? लवकर विरघळलं तर कच्ची भिंत दाबानं फुगेल किंवा फाटेल. उशिरा विरघळलं तर शरीर त्याला परकं समजत राहील, सूज राहील आणि आतून मांस वाढेल. नव्या भिंतीचं बळ ज्या वेगानं वाढतं, त्याच वेगानं जुन्या आधाराचं बळ कमी व्हायला हवं.

आणखीही अटी आहेत. नळी सच्छिद्र हवी, नाहीतर पेशींना आत शिरायला जागा कुठे? पण भोकं इतकी मोठी नकोत की रक्त गळेल. टाका घातल्यावर ती उसवता कामा नये. वाकली तर मुडपता कामा नये.

अशी नळी बनवायच्या दोन-तीन रीती आहेत. एकीत धागे विणतात, स्वेटरसारखे. दुसरी रीत जत्रेतल्या बुढ्ढी के बालची आठवण करून देते. गोल फिरणाऱ्या यंत्रातून साखरेचे तंतू उडतात आणि काडीवर गुंडाळले जातात, तसंच इथे पॉलिमरच्या पातळ द्रावणाला विजेच्या मोठ्या दाबानं ओढतात. त्याचे केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू होतात आणि फिरत्या सळईवर गुंडाळले जातात. सळई काढून घेतली की तंतूंची नळी हातात येते.

टोकियोतली चार वर्षांची मुलगी

हे सगळं माणसाच्या अंगात पहिल्यांदा झालं ते जपानमध्ये. टोकियोत महिला वैद्यकीय विद्यापीठ आहे. योशिओका यायोई या महिला डॉक्टरांनी 1900 साली, मुलींना डॉक्टर होता यावं म्हणून सुरू केलेल्या शाळेतून ते उभं राहिलं. तिथे तोशिहारू शिनोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चार वर्षांच्या मुलीवर ऑपरेशन केलं. त्याचा अहवाल 2001 साली प्रसिद्ध झाला.

त्या मुलीला जन्मापासून हृदयाचा दोष होता. फुप्फुसाकडे जाणारी तिची एक धमनी पूर्ण बंद पडली होती. डॉक्टरांनी तिच्याच एका शिरेचा छोटा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या पेशी विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नळीवर पेरल्या. दहा दिवसांनी ती नळी तिच्या छातीत बसवली. सात महिन्यांनी तपासलं तेव्हा मुलगी छान होती, नळी ना बंद पडली होती, ना फुगली होती.

त्यानंतर त्याच गटानं 25 जणांवर असं ऑपरेशन केलं. यात बहुतेक लहान मुलं होती. निरोगी हृदयात दोन पंप असतात, एक फुप्फुसाकडे रक्त ढकलतो आणि दुसरा शरीराकडे. या मुलांचा एकच पंप कामाचा होता. म्हणून शरीरातून परत येणारं रक्त हृदयाला टाळून थेट फुप्फुसाकडे न्यायला नळी लागत होती. या वेळी पेशी घेतल्या त्या मुलांच्याच हाडांच्या मगजातून. पुढे अनेक वर्षं या मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. नळीमुळे कुणाचाही जीव गेला नाही. काहींची नळी मात्र अरुंद झाली. त्यांना फुग्यानं ती रुंद करून द्यावी लागली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या नळ्या रुंद होत्या आणि कमी दाबाच्या रक्तासाठी होत्या. हृदयाच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या धमनीचा प्रश्न त्यांनी सुटला नाही. पण सेंटरिंग विरघळतं आणि मागे जिवंत रक्तवाहिनी उरते, हे माणसात खरं करून दाखवलं.

यातून आणखी एक आश्चर्य पुढे आलं. उंदरांवर प्रयोग केले तेव्हा दिसलं की पेरलेल्या पेशी थोड्या दिवसांतच नाहीशा होतात. मग भिंत बांधतं कोण? शेजारच्या रक्तवाहिनीतून सरकत आलेल्या शरीराच्या स्वतःच्या पेशी. पेरलेल्या पेशी फक्त आवतण देऊन जातात. जखम झाली की सूज येते, ती आपण वाईट समजतो. पण इथे तीच सूज गवंड्यांना कामावर बोलावते. ती फार झाली की नळी अरुंद होते, बेताची असली की भिंत उभी राहते. 2020 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंढ्यांवरच्या अभ्यासात दाखवलं की सुरुवातीला आलेला अरुंदपणा पुढे आपोआप कमीही होऊ शकतो. म्हणजे घाईनं फुगा घालण्याआधी वाट पाहणंही काही वेळा शहाणपणाचं ठरू शकतं.

कपाटात ठेवता येणारी रक्तवाहिनी

दुसरी वाट अमेरिकेतल्या लॉरा निकलसन या महिला डॉक्टर-संशोधकांनी काढली. 1999 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या नळीवर स्नायूंच्या पेशी पेरल्या आणि आठ आठवडे ती नळी एका यंत्रात ठेवली. यंत्र नळीला हृदयासारखे ठोके देत होतं. असे ठोके खात वाढलेल्या रक्तवाहिन्या जास्त बळकट झाल्या. आपली हाडं आणि स्नायू कामानं घट्ट होतात, तसंच.

पण प्रत्येक रुग्णाच्या पेशी घेऊन आठ आठवडे थांबणं कसं परवडणार? अपघातात पाय चिरडलेल्या माणसाकडे आठ तासही नसतात. म्हणून पुढे वेगळी युक्ती केली. दान मिळालेल्या रक्तवाहिनीतल्या पेशी वापरून नळी वाढवायची. पॉलिमर विरघळून जातं आणि पेशींनी विणलेली भिंत तयार होते. मग पेशी धुऊन काढायच्या. उरतं ते नुसतं विणकाम. पेशीच नसल्यामुळे ते कुणाच्याही शरीराला फारसं परकं वाटत नाही. ते आधीच करून ठेवता येतं आणि लागेल तेव्हा काढता येतं. बसवल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्यात राहायला येतात.

अशी नळी 2012 साली पोलंडमध्ये पहिल्यांदा डायलिसिसच्या रुग्णांच्या हातात बसवली गेली. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं तिला परवानगी दिली. कशासाठी? मोठ्या माणसांच्या हाता-पायाची धमनी अपघातात किंवा हल्ल्यात तुटली असेल, तातडीनं रक्त चालू केलं नाही तर अवयव कापावा लागेल आणि रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नसेल, फक्त अशा वेळी. ही नळी फाटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, असा ठळक इशाराही सोबत द्यायला लावला आहे. आणि तिची रुंदी आहे सहा मिलिमीटर. म्हणजे पन्नास वर्षांच्या मेहनतीनंतर विज्ञान त्या सीमेवर येऊन उभं आहे. तीन-चार मिलिमीटरचं हृदयाचं काम पुढे आहे.

मग आज आपण काय करायचं?

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, "आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात तर हे मिळणार नाही." खरं आहे. म्हणूनच हे आपल्या जास्त कामाचं आहे. जी वस्तू एवढ्या खटाटोपानंही नीट बनत नाही, ती तुमच्या हातापायात आज फुकट आहे. ती जपायची.

पहिली गोष्ट हाताच्या शिरांची. घरात कुणाची किडनी कमजोर झाली असेल, तर पुढे डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करावा लागू शकतो. डॉक्टरांना आजच विचारा, "कोणता हात राखून ठेवायचा?" त्या हातावर सलाइन लावू देऊ नका, रक्त काढू देऊ नका. फिस्टुला झालेला असेल तर त्या हातावर बीपी मोजायचं नाही, घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत, त्या हातात जड घागर उचलायची नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर जाणवते का पाहायचं. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट अस्तराची. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर ज्या गोष्टींनी खराब होतं त्यात तंबाखू आहे, वाढलेली साखर आहे आणि वाढलेलं बीपी आहे. मिश्री म्हणजे तंबाखूच, मैत्रिणींनो. दात घासायला लावली म्हणून ती औषध होत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं उपकेंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्यावी. गटाच्या बैठकीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून गेलात तर कुणी मागे राहणार नाही.

तिसरी गोष्ट दुखणं अंगावर काढण्याची. हृदयाचा त्रास बाईला नेहमी छातीत कळ येऊनच होतो असं नाही. दम लागतो, विनाकारण थकवा येतो, पाठ, जबडा किंवा हात भरून येतो, मळमळतं. आपण म्हणतो पित्त झालं. असा त्रास अचानक आला आणि थांबेना, तर 108 ला फोन करा. स्वयंपाक उरकून जाऊ, गुरांचं बघून जाऊ, असं म्हणू नका.

चौथी गोष्ट लेकरांची. दूध पिताना बाळाला दम लागतो, घाम येतो, वजन वाढत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, तर ती दृष्ट नव्हे. अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारं पथक येतं, त्यांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचं पुढचं उपचार मोफत होऊ शकतात. मोठ्यांच्या बायपाससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयात दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. दागिने गहाण टाकण्याआधी हे नक्की करा.

आणि शेवटची गोष्ट सावध राहण्याची. "स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन ब्लॉकेज साफ करतो, नव्या रक्तवाहिन्या उगवतो" असं सांगून पैसे मागणारे भेटतात. आज तुम्ही ऐकलंत की खरं संशोधन कसं चालतं. एका मुलीपासून पंचवीस रुग्णांपर्यंत जायला आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायला किती धीर लागतो. म्हणून अशा माणसाला तीन प्रश्न विचारा. याला सरकारची परवानगी आहे का? आतापर्यंत किती रुग्णांना दिलं आणि पाच वर्षांनी ते कसे आहेत? आणि हा प्रयोग असेल तर तुम्ही माझ्याकडून पैसे का घेता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट आलं नाही तर पिशवी उचलून सरळ घरी या.

पुढच्या बैठकीत या विषयावर जरूर बोला. ज्यांच्या घरात डायलिसिस चालू आहे त्यांना हात राखायची गोष्ट आवर्जून सांगा. तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे आमच्याकडे पाठवा.